कलम

सेलू परत आला तेव्हा
त्याच्या डाव्या कानाला पाळी नव्हती.
आईने काही विचारलं नाही.
भात वाढला, भुईमुगाचं कालवण वाढलं,
आणि त्याची थाळी रिकामी होईस्तोवर उंबऱ्यात बसून राहिली.

कुठल्याशा कलमाखाली परत पाठवलं, म्हणाला.
आगादेझच्या पुढचं एवढंच सांगितलं:
रात्री कोणी गाडीवरून पडलं
तर गाडी थांबत नसे.

त्याच्या वाटेसाठी आम्ही दोन गाई विकल्या होत्या.
खुंटे अजून अंगणात आहेत.
एकाला आता पाण्याची नळी बांधतो.

बायकांच्या मळ्यात पंप बसलाय, उन्हावर चालणारा.
कांदा बासेच्या बाजारात जातो.
कधी भाव येतो, कधी पोत्यातच सडतो,
खोटं कशाला सांगू.
पण काजूची रोपं सेलूची.
पाण्याचा पेला धरताना त्याचे हात थरथरतात;
साल तिरकी कापताना नाही.
गावठी रोपाला चीर,
तीत चांगल्या झाडाची काडी,
वरून पट्टी, घट्ट.

काल शेजारचा योरो आला. सतरा वर्षांचा.
पायात नवे बूट.
नवे बूट कशासाठी घेतात
ते आमच्या गावाला कळतं.
सेलू त्यावर बोलला नाही.
सुरी दिली त्याच्या हातात:
धर. इथे काप.

पहिलं कलम वाकडं बसलं.
दुसरंही.
तिसरं बांधेपर्यंत अंधार पडला,
बूट चिखलाने भरले.

जगेल का, योरोने विचारलं.

तीन आठवड्यांनी ये, सेलू म्हणाला,
बघायला.