ठोका

इशबेलचं पाठांतर चांगलं आहे.
दोन मापं मोठ्या पिवळ्या रेनकोटातून
ती सांगते साल, गॅलन, अंश,
आणि आम्ही सहाजण माना हलवतो
भिजलेल्या मेंढ्यांसारख्या.

वरच्या मजल्यावर सातू पसरलाय, वीतभर थर.
मोड आलेत.
हे मला कुणी समजवायला नको.
फडक्यात बांधलेली मटकी रात्रीतून
अशीच फडक्याबाहेर डोकावते.
फक्त इथं दर सहा तासांनी एक माणूस
लाकडी फावड्यानं सगळं उलथतो,
मुळांची गुंतवळ होऊ नये म्हणून.
त्याचा उजवा खांदा डाव्याहून
दोन बोटं खाली आहे.
इशबेलच्या पाठांतरात खांदा नाही.

मग धूर.
खाली जळतेय दलदलीतली माती,
कुजायची राहून गेलेली, विटांसारखी कापलेली,
उन्हात वाळवलेली, असं ती म्हणते.
वाऱ्यात म्हणायचं असेल.
ऊन या बेटावर पाहुण्यासारखं येतं,
चहा न घेताच उठतं.

भट्टी म्हटलं की आमच्याकडं आधी पोलीस आठवतो.
इथंही तो आहेच म्हणायचा:
काचेची पेटी, पितळी चौकट, वर कुलूप,
आत वाहणारी धार.
किल्ली पूर्वी सरकारी माणसाच्या खिशात असे.
जो गाळतो, त्यानं बोट बुडवायचं नाही,
नुसतं काचेतून बघायचं.
पाणी मिसळलं की धार दुधाळते, तोवर थांबायचं.
निवळली, की आता.

पहिल्या धारेची! आमच्याकडं केवढं कौतुक त्या शब्दाचं.
इथं पहिली धार परत भांड्यात,
शेवटचीही परत,
मधली तेवढी पिंपात.
चाळिशी ओलांडून मला हे
एका परक्या बेटावर कळावं.

तांब्याच्या भांड्यापुढं
दोरीला टांगलेला लाकडी चेंडू.
इशबेल म्हणाली, पूर्वी फेस किती चढलाय
ते यानं ठोकून ऐकायचे,
आता खिडकी आहे, परंपरा म्हणून ठेवलाय,
चला, पिंपांकडे.

मी रेंगाळले.
कोपऱ्यात मर्डो मॅकफेल, एकेचाळीस वर्षं याच भांड्यापाशी,
कळकट टोपी, खिशातून डोकावणारं सँडविच.
सगळे गेलेसे बघून
त्यानं दोरी धरली, चेंडू सोडला.
ठक्.
पुन्हा, हातभर वर.
ठक्.

वरचा आवाज वेगळा होता का?
होता असं वाटलं. मग वाटलं, नव्हता.
तुम्हाला काय ऐकू आलं, मी विचारलं.
त्यानं माझ्या ओठांकडं बघितलं.
पुन्हा विचारलं तेव्हाही ओठांकडंच.
मग डाव्या कानावर बोट ठेवून
नकारार्थी मान हलवली,
उजव्यावर ठेवून, तशीच.
दोन वर्षं झाली, म्हणाला, जरा जास्तच मोठ्यानं,
वर ऑफिसात बोलू नको.

आणि दोरी माझ्या हातात दिली.
वर नाही, इथं धर. घट्ट नको.
ठक्.

बोटांच्या पेरांत काहीतरी आलं,
मुंगीच्या चालीएवढं,
खाली भरीव, वर गेलं की पोकळ,
आणि मधे एक जागा जिथं तांबं
कुणीतरी आत उठून बसल्यासारखं.
मी बघितलं त्याच्याकडं.
फेस, तो म्हणाला. अजून चढायचाय.

खिडकीतून बघितलं तर खरंच,
काचेच्या कडेला नुकता टेकत होता.

चाखायच्या खोलीत प्रत्येकी एक घोट.
जळकं दोरखंड, आयोडीन, ओल्या कुत्र्याची पाठ.
आवडलं का? खोटं कशाला बोलू.
बाटलीची किंमत बघून मी
चावीची साखळी घेतली.
बाहेर गोदामाची भिंत काळी, जवळचं झाडही काळं.
पिंपांतून उडतं त्याला इशबेल
देवदूतांचा वाटा म्हणते.
बुरशी असते ती, मर्डो मागून ओरडला,
तिला कुणी धन्यवाद म्हणत नाही.
आज त्याला सगळंच ऐकू येत होतं की काय,
का तो फक्त तिच्या ओठांवरचं
रोजचं वाक्य ओळखत होता?

फेरीबोटीवर कठड्याला चावीनं ठोकलं.
लोखंड आणि त्याखाली इंजिन, एवढंच.
मग चावी खिशात ठेवली,
कठडा दोन बोटांनी धरला.
घट्ट नाही.