शनी, पार्किंगमधून

केरीच्या किनाऱ्यावर, चर्चमागच्या पार्किंगमध्ये
क्लबचे अकरा जण, चार दुर्बिणी,
टॉर्चवर लाल कागद.
कुणी मोबाइल काढला की डोनाखा खाकरतो.

दिवसभर मटण तोडणारा माणूस.
मोठ्या दुर्बिणीचा आरसा त्यानंच घासला,
दोन हिवाळे, दुकानामागच्या खोलीत.
रांगेला सांगतो : नळीला हात नको,
श्वास जरा बाजूला सोडा.

साडेसाती इथं कुणाला ठाऊक नाही.
शनी म्हणजे कडं घातलेला
लोणीरंगाचा एक ठिपका, बस्स.

नोरीनबाई आल्या त्या खरं तर चहासाठी.
वाकल्या, डोळा लावला.
"काचेवर चिकटवलंय काहीतरी," म्हणाल्या,
मग गप्प.
रांगेत पाय आपटू लागले,
थंडीनं की कंटाळ्यानं;
त्या हलेनात.

"अरे, हा चालला की! पार कडेला गेला."
"तो नाही, बाई," डोनाखा म्हणाला, "आपण."

त्यांनी डोळा काढला,
शेजारच्या गाडीचं बॉनेट धरलं
दोन्ही हातांनी,
आणि ढग आले, दुर्बिणी पेट्यांत गेल्या,
चहाचा कप कुणी पुढे केला,
तरी सोडलं नाही.