मंगळवार तळाशी

रस्त्याच्या कामावर ठेवतात तसला
नारिंगी प्लास्टिकचा शंकू
मी कास्त्रोच्या वळणावरून उचलून आणला.
चोरलास, असं बाबा म्हणतात.
बरं, चोरला.

आमच्या शेडमध्ये धूळ होती म्हणण्यापेक्षा
धुळीत आमची शेड होती.
सायप्रसची पिवळी, मान्यिओची फिकट,
तेपाची उग्र, अंधारातही ओळखू येणारी.
रंध्यावर, खिडकीच्या दांडीवर, येर्बा मातेच्या पेल्यात,
आणि एलेउतेरियो बार्रीयाच्या,
म्हणजे माझ्या बापाच्या,
छातीत.
त्रेचाळीस वर्षं होड्यांच्या फासळ्या वाकवल्या त्यांनी;
आता खोकला आला की
स्वतःच्या दोन्ही हातांनी धरून बसतात.

आंकूदच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडाला धरला,
विचारलं, काम बदलता येईल का?
बाबा तिच्या टेबलाचा सांधा बोटानं चाचपत होते.
म्हणाले, हा नुसता चिकटवलाय. टिकायचा नाही.

मग मीच.
साल्मनच्या तराफ्यावरून निळं पिंप, झाकणासकट.
पन्नासचा पाइप, दोन एल्बो, सिलिकॉनची अर्धी नळी,
आणि ओदिलिया मावशीचा व्हॅक्युम,
जो तिच्या मते बिघडला नव्हता,
थकला होता.

पहिल्यांदा पाइप सरळ मध्यात खुपसला.
भुसा इकडून शिरला, तिकडून गेला,
पाहुण्यासारखा, चहाही न घेता.
दुसऱ्यांदा नळी चोंदली
आणि पिंपानं ढप्पकन
पोट आत ओढून घेतलं, उपाशी कुत्र्यासारखं.
बाबा हसले.
हसता हसता खोकला लागला,
मग कुणीच हसलं नाही.

रात्री झोप येईना तेव्हा लेमुय आठवलं.
गहू उफणताना आई ओरडायची,
वाऱ्याच्या तोंडावर काय उभी राहतेस,
कडेनं ये त्याच्या, कडेनं.

उठले. कंदिलाच्या उजेडात
शंकूच्या कडेला तिरकं भोक पाडलं.
शंकू उलटा, टोक पिंपात;
पिंपाच्या आत सायकलची जुनी रिंग, पोट टेकायला.

आता हवा कडेकडेनं शिरते,
भिंतीला अंग घासत गरगरते,
तिच्या हातातलं जड ते सुटतं,
घरंगळत खाली जातं,
आणि ती रिकामी, मधल्या नळीतून वर.
बाहेरून काही दिसत नाही.
शंकू थोडा थरथरतो, एवढंच.
(अगदी बारीक तेवढं निसटतंच.
त्यासाठी खिळ्याला मास्क आहे.
बाबा तो देवळात टोपी काढावी
तसा दर पाच मिनिटांनी काढतात.)

शनिवारी करवत थांबली.
दारातून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात
काहीच तरंगत नव्हतं.
मी वाट बघत होते, काहीतरी म्हणतील.

वास गेला, ते म्हणाले.
काय कापतोय ते नाकाला कळेना झालंय.

मला राग आला, खोटं कशाला बोलू.
पाना फेकला. बाहेर जाऊन आले.
परत येते तर बाबांनी पिंपाचं झाकण काढलेलं,
बाही दुमडलेली,
आणि हात कोपरापर्यंत आत.
हळूच काढली एक मूठ, नाकापाशी नेली.
मान्यिओ. गुरुवार.
आणखी खोल. तेपा, दमट;
बुधवारी पाऊस होता, छप्पर गळत होतं.
मग खांद्यापर्यंत वाकले,
गाल निळ्या कडेला टेकला,
डोळे मिटलेले,
तळाशी काहीतरी शोधल्यासारखे.

वर आला तेव्हा मुठीत सायप्रस होतं,
जाडसर, पिवळं.
मंगळवार, ते म्हणाले.
तुझं माप चुकलं होतं त्या दिवशी.
अख्खी फळी आहे इथं.

ती फळी मी
ते जेवायला गेल्यावर कापून टाकली होती.
मला वाटलं होतं
त्यांना कळलं नाही.