अकरा सेकंद

मी आवाज कापतो.
पोटापाण्याचं विचाराल तर एवढंच.
केनियातल्या या डोंगरउतारावर आमचं रेडिओ केंद्र म्हणजे
खताच्या दुकानावरची एक खोली,
भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले,
आणि मुरीथीसाहेबांची एकच ताकीद:
बातमी चहासारखी हवी, ओठ भाजला पाहिजे.

मिल्का जेरोतिच त्या शनिवारी बाजारात बोलली.
पूर्वी ती जनावरांची डॉक्टर.
अर्ध्या मतदारसंघाच्या गाईंच्या पोटात
तिचा हात कोपरापर्यंत जाऊन आलेला.
बोलायचीही तशीच, बाह्या सरसावून,
मधेच एखादी म्हण, मधेच कुणाच्या वासराची चौकशी.
म्हणाली,
"तण उपटल्याशिवाय सुटका नाही."
मग थांबली. एक मोटरसायकल भोंगा वाजवत गेली.
कुणीतरी शिंकलं. मीच.
मग म्हणाली,
"मक्याच्या मुळाशी ते जांभळ्या फुलांचं तण,
अख्खं पीक शोषतं. त्यावर औषध आणेन, फुकट."

मोटरसायकल, शिंक, मका, औषध:
अकरा सेकंद.
मी ते कापले.
ध चा मा करणाऱ्याला निदान दौत लागली असेल,
बोरू लागला असेल, हात थरथरला असेल.
मला एक कळ पुरली.

तण.
या खोऱ्यात तो शब्द शेतापुरता राहिलेला नाही.
एका जानेवारीत तो माणसांना लावला गेला,
रेडिओवरूनच,
आणि नदीपलीकडची घरं रात्रभर जळत राहिली.
आमचं घर नदीपलीकडचं.
मी नऊ वर्षांचा होतो.
सूड म्हणावा, तर तोही नव्हता.
शनिवार होता. साहेबांना सातची बातमी हवी होती.

सातला ती एकदा म्हणाली.
आठला तीनदा.
रविवारी न्जोगू ट्रकच्या टपावरून गरजला,
"आम्ही तण? मग आधी हिचीच मुळं बघू!"
तेही आम्ही वाजवलं. निःपक्षपातीपणे.
न्जोगू खरं तर भित्रा माणूस, भूगोलाचा मास्तर.
पहिल्या सभेत तो पाण्याच्या पाइपांबद्दल बोलला होता,
तेव्हा आम्ही माइकसुद्धा नेला नव्हता.
आता लोक त्याला हळू बोलूच देईनात.
घसा बसला तरी गरजायचा,
खाली उतरल्यावर बायकोच्या हातून कोमट पाणी प्यायचा,
आणि कोपऱ्यात उभा राहून विचारायचा,
"जास्त झालं का गं?"

मिल्काच्या पोस्टरवरचे डोळे कुणीतरी खिळ्याने खरवडले.
मग कुत्रा मेला.
मग धाकट्याला शाळेच्या बसमधून उतरवलं.
गाय अडली तरी लोक दुसऱ्या तालुक्यातून माणूस आणू लागले.
खुलासा आम्ही दिला, नाही असं नाही:
पहाटे पाचला,
निधनवार्ता आणि हवामानाच्या मधे.

ती निवडून आली.
दोनशे बारा मतांनी, पोलिसांच्या पहाऱ्यात.

मुलाखतीला आली तेव्हा माइक जुळवायला मी वाकलो.
तिने माझ्याकडे पाहिलं.
"सर्दी गेली का?"
मी हो म्हणालो, की मान हलवली, आठवत नाही.

लाल दिवा लागला.
तिने पर्समधून कागद काढला, चष्मा लावला,
आणि वाचत गेली.
विकास. समन्वय. सर्व समाजघटक.
कुठे म्हण नाही, कुठे वासरू नाही,
दोन वाक्यांच्या मधे श्वासाएवढीही फट नाही.

कार्यक्रम संपल्यावर मी सवयीने कळीवर बोट ठेवलं.
बराच वेळ ठेवून बसलो.
माझं काम ती घरूनच करून आली होती.