पाचवा टायर

मोइदूने आधी भाव सांगितलाच नाही.
सुलेमानीचा पेला पुढे सरकवला, विचारलं,
"गाडी चालते कुठे? खरं सांगा.
डॉक्टरशी आणि टायरवाल्याशी खोटं बोलू नये."

मी एक्स-रे काढते, इब्रीच्या इस्पितळात.
श्वास रोखलाय म्हणून लोक रोज शपथेवर सांगतात
आणि फिल्म हललेली येते.
तरीही मी म्हटलं: वाळू. वादी. डोंगर.
तो नुसता बघत राहिला.

मग हिशेब झाला.
क्वार्टर ते इस्पितळ अकरा किलोमीटर, डांबरी.
शुक्रवारची भाजी, डांबरी.
वर्षातून एकदा मस्कतचा विमानतळ,
इतका सरळ रस्ता की डोळा लागावा.
वादी दोनदा.
वाळू एकदा, तीही चपला हातात घेऊन,
प्राडो कडेला लावून.

मुठीएवढ्या गाठींचा तो चिखलातला टायर,
ज्याच्यावर माझा जीव जडला होता,
मोइदूने पायानेच बाजूला केला.
"हा डांबरावर रडतो. आणि चिखल
कुठून आणणार, बाई?"
साधा रस्त्याचा उचलला, त्याची बगल अंगठ्याने दाबली.
"हा लोण्यासारखा पळेल. पण वादीतला दगड म्हणजे सुरी.
बगलेला ठिगळ लागत नाही."
उरला मधला. ऑल-टेरेन.
थोडा डांबराचा, थोडा खडीचा, थोडा वाळूचा:
एक ना धड, मी मनात म्हटलं, भाराभर चिंध्या.

त्याला मराठी येत नाही, पण माझा चेहरा वाचता आला असावा.
"याचा पहिला नंबर कशातच नाही," तो म्हणाला,
"नापासही कुठे होत नाही.
हवा पंधरावर आणा, वाळूत उंटासारखा पाय पसरेल.
बाहेर आलात की परत भरा. विसरणारे
माझ्याचकडे येतात."

नक्षी मी बोटाने चाचपत होते,
त्याने बोट धरून खाली नेलं, कडेच्या चार आकड्यांवर.
पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल.
"आधी हे. या उन्हात
रबर दुकानात बसल्या बसल्या म्हातारं होतं."
चारही टायरांच्या जन्मतारखा मी वाकून वाचल्या,
फिल्मवरचं नाव-वय पडताळावं तशा.

तोवर तोफज्जलने मागच्या दाराचं झाकण काढलं होतं.
स्टेपनी.
कधीही जमिनीला न लागलेली.
साच्यातून निघतानाचे रबराचे केस
अजून अंगावर तसेच, बाळाच्या जावळासारखे.
मी म्हणाले, ही तर नवी आहे की!
त्याने दोन हातांनी बगल ताणली
आणि भेगा उघडल्या, एकीतून दुसरी,
पार आतपर्यंत. २२१३.
मी या देशात आले त्याच्याही आधीची.
दहा वर्षांहून जास्त उन्हाला पाठ देऊन टांगलेली,
गरज पडली तर म्हणून.

देवरूखला आमचा फ्लॅट आहे.
फ्रिजच्या दारावरचा कागद अजून काढलेला नाही.
सोफ्यावर प्लास्टिक.
सुट्टीत उतरतो ते बहिणीकडे, तीन आठवड्यांसाठी
कशाला उघडायचा, म्हणतो.
मागच्या वेळी नळ फिरवला
तर लाल पाणी आलं, बराच वेळ.

"चार, की पाच?" मोइदूने विचारलं.
कॅल्क्युलेटरवर चाराचाच आकडा होता,
सगळे चारच घेतात.

पाच, मी म्हटलं.
आणि पाचवा दारावर नको, आत्ताच खाली लावा,
या चारांतला एक वर टांगा,
पुढच्या खेपेला दुसरा.
तोफज्जलने मोइदूकडे पाहिलं. मोइदूने मान हलवली.

जुनी स्टेपनी त्याने ढिगाकडे सोडली,
ती आयुष्यात पहिल्यांदा धावली,
वीसेक पावलं, थोडी वाकडी,
आणि भिंतीला लागून आडवी झाली.

डांबरावर जरा आवाज येतो.
येईल, असं तो म्हणालाच होता.