बारा आण्याचा मसाला

आधी रिव्हर्स गेला.
मग दुसरा. मग कळलं, चौथाही नाही.
उरले पहिला आणि तिसरा,
म्हातारीच्या तोंडात एकमेकांना न भेटणारे
दोन दात असावेत तसे.

महिनाभर मी सलायनात ट्रक असा चालवला
की मागे यावंच लागू नये.
दुकानाच्या आवारात लांब, कडेला,
तोंड रस्त्याकडे.
उतार बघून लाव, हेरंब म्हणायचा.
कॅन्ससमध्ये उतार?
ताटात पीठ पसरावं तसं गाव.

एकदा बँकेसमोर फसले.
न्यूट्रलमध्ये टाकून उतरले, बॉनेटला खांदा लावला,
तर दोन अनोळखी पोरं, काही न विचारता,
माझ्या दोन्ही बाजूंना येऊन रेटू लागली.
एक म्हणाला, "शहाण्णवचा ना? माझ्या काकाकडे होता."
ट्रक हलला. पोरं गेली.
काकाच्या ट्रकचं पुढे काय झालं, राहिलंच विचारायचं.

मी एलेव्हेटरवर धान्य तपासते.
मूठभर गहू घ्यायचा, नाकाशी न्यायचा,
कुबट, आंबूस, जळका, काय ते लिहायचं.
वीस वर्षं नाकावर पगार.
म्हणून व्हर्लिन श्रॅगने डिपस्टिक पुढे धरली
तेव्हा त्याच्याआधी मीच बोलले,
"करपलंय."
मराठीतच.
तेल लाल असायला हवं होतं,
ते तळाला लागलेल्या आमटीच्या रंगाचं होतं.
त्याला शब्द कळला नाही, मान मात्र बरोबर हलवली.

तीन वाटा, तो म्हणाला.
भंगारातला गिअरबॉक्स: त्याच्या पोटात काय, देव जाणे.
कारखान्यातून खोक्यात येणारा: महाग, आणि त्याची वाट बघायची.
नाहीतर हाच उघडतो.
अठ्ठावीसशे डॉलर, दहा दिवस.

ट्रकचे कुणी पंधराशे देईना.
हेरंब म्हणाला, "चार आण्याची कोंबडी..."
आणि थांबला. पुढचं आपल्याकडे सांगावं लागत नाही.
व्हर्लिनला सांगावं लागलं.
आण्यांचे सेंट केले, मसाल्याचं काय करावं कळेना,
इंग्रजीत म्हण लंगडतच उतरली.
तो बराच वेळ हात पुसत राहिला. मग म्हणाला,
"अंडी घालते ना अजून?"

घालते.
"मग उघडतो."

आठव्या दिवशी फोन: बघून जा.
बाकावर वर्तमानपत्रं, त्यांवर सगळं पोट मांडलेलं.
क्लचच्या चकत्या, एका अंगाने काळ्या पडलेल्या भाकऱ्यांसारख्या,
सीलं, स्प्रिंगा, राखाडी गाळ धरलेली चाळणी,
आणि नागमोडी वाटा कोरलेलं ते ताट,
जिथे तेल ठरवतं कुणी कधी धरायचं, कधी सोडायचं.
"ऑटोमॅटिक म्हणतात," व्हर्लिन म्हणाला,
"लोकांना वाटतं, आपोआप होतं."
मधोमध पातेल्याएवढं एक पत्र्याचं कवच,
मानेपाशी गोल तुटलेलं.
"एवढंच?"
"एवढंच. बाकीचं उघडलंय म्हणून बदलतोय."

चाचणीला निघालो तेव्हा
त्याने कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं,
वाकून तळवा खाली, दोन सीटांमधल्या पत्र्यावर टेकवला.
पहिला.
दुसरा, कुणी उंबरा ओलांडावा इतकाच.
तिसरा. चौथा कधी पडला
ते मला त्याच्या चेहऱ्यावरून कळलं.

पाचशे मैल सांभाळून, काही ओढू नकोस, म्हणाला,
आणि तुटकं कवच फडक्यात गुंडाळून दिलं.
लोक मागतात म्हणे. मी मागितलं नव्हतं.

घरी पोचले. हेरंब दारात.
ट्रक आत घेतला, थांबले, दांडी आर-वर ओढली
आणि मागे मागे गेले, शेजाऱ्यांच्या टपालपेटीपर्यंत.
पुन्हा आत. पुन्हा मागे.
"पेट्रोल जळतंय," तो ओरडला.
काच खाली करून मी वास घेतला.
"जळतंय खरं," म्हटलं, "पण इथे नाही.
आत जा, गॅस बघ."