एका चाकावर

खोकं उघडलं तेव्हा बाबुली मयेकर म्हणाला,
"दुसरा चाक मागसून येतला काय?"
हँडल नाही, बसायला जागा नाही.
दोन पावलांपुरत्या दोन फळ्या
आणि मधे गुरगुरणारं, काळं, वीस किलोचं काहीतरी.

पहिले तीन दिवस
बर्फाच्या कारखान्याची भिंत धरून.
नडग्या सोलल्या. चुना तळव्यांना.
रापणीवरून परतणाऱ्या बायका थांबून बघत,
डोक्यावर बांगड्यांची टोपली, हात मोकळे सोडलेले,
मान जराही न हलवता हसत.
फिलोमिना तेवढी बोलली,
"पायांकडे कित्याक बघतंस? लांब बघ मरे."

लांब बघितलं.

आचऱ्याची ओहोटी, पुळण ओली नि कडक.
पुढे कललो की जातं,
मागे रेललो की थांबतं,
वळायचं मनात यायच्या
थोडं आधीच वळतं.
कानात वारा, पाठीवर शर्टाचं शीड,
आणि पोटात ते लहानपणचं,
होडी पहिल्यांदा तळ सोडते तेव्हाचं.
दोन मिनिटं. फार तर तीन.

मग कुत्रं आडवं आलं.
मी इकडे, चाक तिकडे;
ते एकटंच निघालं समुद्राकडे,
लाटेपासून हातभर अलीकडे कलंडलं
आणि बीप बीप करत राहिलं.
(खाऱ्या पाण्याने वॉरंटी जाते. पुस्तिकेत आहे.)

मागे वाळूत एकच रेघ,
बरीचशी नागमोडी,
शेवटची पन्नास पावलं सरळ.

बाबुली धावत आला, चाक उचललं,
"जड आसा रे," म्हणाला,
आणि परत देईना.